न वाचलेल्या कादंबरीची शिफारस

पान ०

आमच्या वाचनालयात शिफारशीचं कार्ड लिहायची पद्धत आहे. पुस्तक आवडलं की जाड कागदाच्या तुकड्यावर चार-पाच ओळी लिहायच्या, खाली सही करायची, आणि कार्ड पुस्तकात घालून ते दारासमोरच्या टेबलावर ठेवायचं. टेबलाच्या डाव्या अंगाला सावकाश वाचायच्या कादंबऱ्या, उजव्या अंगाला रहस्यकथा. नियम एकच: शेवट सांगायचा नाही.

मी तिथला ग्रंथपाल. निम्मी कार्डं माझीच असतात. लोक माझ्या शब्दावर पुस्तक नेतात आणि परत आणतात तेव्हा आभार मानतात किंवा भांडतात. बावीस वर्षांत मी न वाचता एकाही पुस्तकाचं कार्ड लिहिलं नव्हतं.

एकदा लिहिलं. शनिवारची सकाळ होती, टेबलावर मधोमध एक जागा मोकळी दिसत होती आणि वाचक यायला दहा मिनिटं उरली होती. देणगीत आलेल्या खोक्यात सगळ्यात वर करड्या कापडी बांधणीची एक कादंबरी होती. दोनशे बारा पानं. चित्र नाही, मागे मजकूर नाही. मी ती चाळलीसुद्धा नाही. लिहिलं:

*वरवर एका साध्या घराची गोष्ट. घरातलं एक माणूस कमी होतं आणि उरलेल्यांच्या ते लक्षात येत नाही. रक्त नाही, आरडाओरडा नाही. टेबलाच्या कुठल्या अंगाला ठेवावी, ठरवता आलं नाही. शेवट विसरता येत नाही.*

शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकाला चालतं.

पान २१२ (वकील)

पुस्तक प्रथम नेलं आमच्या वकिलांनी. निवृत्त माणूस. नवरा-बायको कायम जोडीने यायचे. ते डाव्या अंगाचे, त्या उजव्या अंगाच्या, आणि मधे उभं राहून दोघं एकमेकांच्या आवडीला नावं ठेवायचे. नऊ दिवसांनी ते एकटेच परत आले.

“अगदी तुम्ही लिहिलंय तसंच आहे,” ते म्हणाले. कपडे वाळत घालायचा प्रसंग त्यांना फार आवडला होता. दोरीवर एकेक कपडा चढत जातो, घरातले खिडकीतून बघतात, त्यांना कपडे दिसतात आणि घालणारी दिसत नाही.

वहिनी आल्या नाहीत का, असं मी सहज विचारलं. “कोण?” असं म्हणून ते नम्रपणे हसले. त्यांना ऐकू कमी येतं, असं मी धरून चाललो.

ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. पहिली तीस पानं वाचली, शेवटची वीस वाचली, मधली बोटाने चाळली. चुन्याच्या भट्टीवरून दोन भावांचा वाद. बैलगाड्या, साक्षीदार, पुन्हा बैलगाड्या. कपड्यांची दोरी कुठेच नव्हती.

पुस्तक मी टेबलावर परत ठेवलं. का, ते नीट सांगता येणार नाही. कदाचित माझं खोटं कुणालातरी इतकं आवडलं, याचा मला आनंद झाला असावा.

पान माहीत नाही

चार महिने गेले. मग एका मंगळवारी दुपारी वकिलांच्या पत्नी आल्या. हातात पिशवी होती, पण पुस्तक नव्हतं. बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. “हे रागावलेले नाहीत. तब्येत ठीक आहे. मी केलेला चहा पितात आणि शेजाऱ्यांना सांगतात, आता स्वतःचा चहा स्वतः करायची सवय झाली. मी समोर उभी राहिले की जरा बाजूने जातात, खांबाला वळसा घालावा तसे. डॉक्टरांना काही सापडत नाही.”

“तुम्ही त्यांना काय वाचायला दिलंत?”

कार्डाचा मजकूर मला पाठ होता. मी तो सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला.

“हे तुम्ही स्वतः वाचलं होतंत?”

मी हो म्हणालो.

त्या गेल्यावर नोंदवही काढली. पुस्तक बाहेर गेलेलं होतं. आदल्याच दिवशी, मी जेवायला गेलो असताना, एका मैत्रिणीकरवी मागवलं होतं. समोर नाव होतं माझ्या बहिणीचं.

पान ८८

ताई माझ्याकडे दोन महिन्यांपूर्वी आली होती, पाय मोडल्यावर. पुढच्या खोलीत तिची खाट. घरात आम्ही दोघंच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई सतरा. मला तिने वाढवलं, वाचायला तिने लावलं. संध्याकाळी मी परत आलो की ताट झाकून ठेवलेलं असतं, जेवता जेवता ताई पुस्तकाबद्दल बोलते. दिवसातलं माझं खरं बोलणं तेवढंच.

त्या दिवशी ती अठ्ठ्याऐंशीव्या पानावर होती.

“खुनी अजून दिसत नाही,” ती म्हणाली. “पण शंभराव्या पानाच्या आत धरते की नाही बघ.”

दुसऱ्या एका वाचकाची मागणी आहे, असं सांगून मी हात पुढे केला. तिने पुस्तक छातीशी धरलं. वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक ओढणारा ग्रंथपाल तिने पहिल्यांदाच पाहिला म्हणे. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आवडीच्या दोन रहस्यकथा आणल्या. एकीत आतून कडी लावलेली खोली होती आणि खोलीत कुणी नव्हतं. जमेल तितकी रंगवून सांगितली. तिने दोन्ही पुस्तकं उशीखाली घातली. उशी जरा उंच हवीच होती, म्हणाली.

मग मी खरं सांगितलं. कार्ड न वाचता लिहिलंय. ती पोट धरून हसली.

“लहानपणी परीक्षेलाही असाच बसायचास.”

पान १४०

वकिलांचं सांगितलं. “बिचारी,” ताई एवढंच म्हणाली आणि पान उलटलं.

मी तिला मोठ्याने वाचायला लावलं. ती वाचत होती: दोरीवर आधी चादर चढली, मग दोन सदरे, मग चिमटे एकामागून एक मिटत गेले. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. तिचं बोट ज्या ओळीखालून सरकत होतं, तिथे धाकटा भाऊ बैलगाडीतून दगड उतरवत होता.

“चष्मा बदल,” ताई म्हणाली.

पुस्तक लपवता आलं असतं. पण कुणी अर्धवट सोडलं तर काय होतं, ते मला माहीत नव्हतं. पूर्ण वाचलं तर काय होतं, ते माहीत होतं. ती मला वळसा घालून बघेल. पुन्हा कधी काही विचारणार नाही.

पान १७६

ती झोपली असताना मी कार्ड बाहेर काढलं. बावीस वर्षं पाळलेला नियम मोडला आणि खाली एक ओळ वाढवली:

*शेवटी ते माणूस पुन्हा दिसू लागतं.*

शाई वाळेपर्यंत थांबलो. कार्ड शेवटच्या पानात घातलं.

पान २१२ (ताई)

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास.

तिच्या खाटेसमोर दोन खुर्च्या असतात. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो होतो.

तिने शेवटचं पान वाचलं. कार्ड वाचलं. पुस्तक मिटलं.

चष्मा काढला, पदराने पुसला, बाहेर बघत राहिली.

बराच वेळ.

मग मान वळवली. नजर भिंतीवरून आली, कपाटावरून आली, माझ्यावर थांबली.

“असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा? चहा कर.”

शेवट काय होता, असं मी विचारलं. नियम तुझाच आहे, ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. पाणी ठेवलं. मागून तिचा आवाज आला.

“तीन कप.”

कोणी येणार आहे का, मी विचारलं.

“पुरे कर आता,” ताई म्हणाली. आवाज खाली आणलेला होता. “मी आले तेव्हापासून बघतेय. नवरा-बायकोचं भांडण, आपण मधे कशाला पडा, म्हणून गप्प बसले. पण इतके दिवस?”

मी दारात आलो.

“कोणाबद्दल बोलतेस?”

ताईने दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तिच्यासमोर असं विचारू नकोस.”

पाणी उकळलं होतं. मी आत गेलो. फडताळातून तीन कप काढले. दोन कपांत साखर घातली. तिसऱ्यात किती घालायची, ते मला आठवेना.