दादाचं टायमिंग

वहिनी पिकअप घेऊन आल्या तेव्हा दुपारचं ऊन गॅरेजच्या निम्म्या फरशीवर आलं होतं. इंजिन बंद न करताच त्या खाली उतरल्या.

"भावोजी, बाईसाहेब रुसल्यात. चढ आला की अंगच टाकतात."

बाईसाहेब म्हणजे दादाची पिकअप. माझ्या थोरल्या भावाने ती जुनीच घेतली होती, पण मिरवली नव्या नवरीसारखी. दोघं नवरा-बायको तिच्यातून आपल्या रोपवाटिकेतली झाडं टेकडीवरच्या बंगल्यांना पोचवायची. गेल्या हिवाळ्यात दादा गेला, झोपेतच. तेव्हापासून वहिनी एकट्याच गाडी चालवत होत्या. रोपवाटिका त्यांना सोडायची नव्हती, आणि गाडी चढली नाही तर रोपवाटिका टिकणार नव्हती.

मी जरा वेळ इंजिन ऐकलं. "टायमिंग मागे पडलंय," म्हटलं. "बसा, लावून देतो."

प्लगची ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. उशिरा पडली तर इंजिन सुस्तावतं, फार लवकर पडली तर ठोके देतं. तो क्षण ठरतो डिस्ट्रिब्युटरवर. इंजिनाच्या कुशीत बसवलेला हा एक डबा, त्याच्यातून प्लगच्या वायरी निघतात. बुडाचा बोल्ट सैल करायचा, डबा केसभर फिरवायचा, बोल्ट पुन्हा आवळायचा. किती फिरवायचा ते मी टायमिंग लाइटने बघतो. हा दिवा ठिणगीबरोबर लुकलुकतो, आणि त्याच्या उजेडात गरगर फिरणाऱ्या पुलीवरची पांढरी खूण जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते; शेजारच्या पट्टीवर ती कितव्या अंशावर आली ते वाचायचं.

दादाला हे सगळं नाटक वाटायचं. तो कानाने टायमिंग लावायचा. "तू दिवा दाखव इंजिनाला, मी त्यालाच विचारतो," म्हणायचा. या इंजिनाला पुस्तकाप्रमाणे आठ अंश हवेत. दादाचं नेहमी बारावर यायचं. त्यावरून आम्ही ताटावरसुद्धा भांडलेलो आहोत, आणि वहिनींनी आमटी वाढता वाढता दोघांनाही गप्प केलेलं आहे.

लाइट नीट दिसावा म्हणून मी शटर अर्धं ओढलं. खूण आठावर आणली, बोल्ट आवळला, आणि सवयीप्रमाणे डबा व इंजिन दोन्हींवरून जाईल अशी पांढऱ्या रंगाची एक रेघ मारली. डबा हलला तर रेघ तुटलेली दिसते.

पुढच्या आठवड्यात वहिनी पुन्हा आल्या. तक्रार नव्हती, नुसत्या दाखवायला आल्या होत्या. "काय चढते आता! मधेच कधीतरी एकदम सुधारली बघा."

मी बॉनेट उघडलं. रेघ तुटली होती. बोल्ट मात्र मी आवळला तसाच घट्ट होता, पान्याला जोर लावावा लागला. लाइट लावला. खूण बारावर.

"वहिनी, दुसऱ्या कुणाला दाखवलीत का गाडी?"

"तुम्ही असताना दुसऱ्या कुणाला कशाला दाखवू?"

बोल्टचे आटे गेले असतील म्हणून इंजिन बंद करून मी तो पुरता काढला. आटे चांगले होते. बोल्ट ट्रेमध्ये टाकला, डबा डाव्या हाताने धरला आणि वहिनींना चावी फिरवायला सांगितलं. उजव्या हातात लाइट होता. खूण आठावर आणली आणि डबा मोकळा किती सरकतो ते बघायला डावा हात बाजूला घेतला.

लुकलुकत्या उजेडात डब्यावर बोटांची सावली तशीच राहिली.

प्लगच्या वायरींची असेल. त्या तशा बोटांसारख्याच पसरलेल्या असतात. मी वायरी एका बाजूला धरल्या. सावली हलली नाही.

मग खूण सरकू लागली. आठ, नऊ, दहा. घाई नव्हती. बाराच्या जराशी पुढे गेली, थबकली, आणि केसभर मागे आली. कानाने लावणारा माणूस असंच करतो. आधी पुढे जाऊन बघतो, मग परततो.

इंजिनाचा आवाज गोल झाला.

"हां, आता बरोबर," वहिनी आतून म्हणाल्या. त्यांना माझ्या जागी फक्त उघडं बॉनेट दिसत होतं.

मी लाइट काढला, बॉनेट लावलं. चहा घेता का, एवढंच विचारलं. वहिनींना टेकडीवर जायचं होतं, मागे झाडं लादलेली होती. त्या निघून गेल्या.

ट्रे साफ करायला घेतला तो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. तळाशी तो बोल्ट होता.

बोल्टाशिवाय तो डबा गल्लीच्या टोकापर्यंतही जागेवर राहायचा नाही. इंजिन फटाके फोडायला लागेल, नाहीतर भर चढावर बंद पडेल. आणि वहिनी रोज चढ चढत होत्या, उतरत होत्या. मी फोन लावला.

"वहिनी, गाडी काढू नका. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट माझ्याकडेच राहिलाय. डबा नुसता ठेवलाय तिथे, कशानेही धरलेला नाही."

"असू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी धरलंय."

शिडी कुणी धरली आहे हे सांगावं, इतक्या साध्या आवाजात.

सकाळी मी बोल्ट खिशात घालून रोपवाटिकेत गेलो. पिकअप आदल्या संध्याकाळपासून झाडाखाली उभी होती. बॉनेटवर दव होतं. वहिनी पलीकडे कुंड्यांना पाणी घालत होत्या.

मी बॉनेट उघडलं. बोल्टाचं भोक रिकामं होतं, त्यात धूळ बसली होती.

डबा धरला आणि फिरवला.

हलला नाही.

दोन्ही हातांनी जोर लावला. गंजून धरलेल्या लोखंडाला एक मुकेपणा असतो. हे तसं नव्हतं. मी जेवढं ढकलत होतो तेवढंच पलीकडून परत येत होतं. जास्त नाही, कमी नाही.

"हळू हां," वहिनी म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

मी हात सोडले. इंजिनाला हात लावून बघितला, रात्रभर बाहेर राहिलेल्या लोखंडासारखं गार. डबाही तसाच गार होता.

फक्त पलीकडच्या बाजूला, चार बोटं मावतील एवढ्या जागेत, तो कोमट होता.