ठकूबाईचा तगांक

"सत्तावीस? काय सत्तावीस?" मंदा काउंटरवर ओरडलीच. "अहो, म्हाताऱ्या आईचा खुबा मोडलाय आणि तुम्ही आकडे कसले सांगताय?"

काउंटरमागे माणूस नव्हतंच. यंत्राचा आवाज तेवढ्याच गोडव्यानं पुन्हा म्हणाला, "ठकूबाई डगळे. तगांक सत्तावीस. वेदना कमी करण्याची सोय वॉर्डात आहे."

तगांक म्हणजे तगण्याचा अंक. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. नाहीतर माणूस अंथरुणाला खिळतं, छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात आणि बऱ्याचदा वर्षाच्या आत सगळं आटोपतं. पण २०६१ साली म्हातारी माणसं उदंड आणि शस्त्रक्रियागृहं मोजकी. म्हणून अस्थिमंडळानं रुग्णालयांच्या अपघातविभागांतली वर्षानुवर्षांची माहिती एका यंत्राला पढवली. खुबा मोडल्यावर कोणत्या वयाचं, कोणत्या गावचं माणूस वर्षभर तगतं, हे ते शिकलं आणि शंभरापैकी गुण द्यायला लागलं. तिसाच्या खाली गेलात की शस्त्रक्रियागृहाचं दार उघडत नाही. अक्षरशः उघडत नाही. कुलूपही यंत्राच्याच ताब्यात.

वा रे शहाणपण! ज्याचं हाड मोडलंय त्यानं आधी पास व्हायचं!

हा तगांक शोधून काढणाऱ्या डॉ. अनुपमा ठोसर त्याच इमारतीत बसतात, हे कळल्यावर मंदा तडक त्यांच्या खोलीत घुसली. ठोसरबाईंनी तिला हाकललं नाही. पडद्यावर ठकूबाईची माहिती उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम. आकडा खाली आलाय तो गावामुळे. कोंभाळवाडीचे रुग्ण तगत नाहीत."

"कोण म्हणतं?"

"वर्षाच्या तपासणीला कुणीच आलं नाही. जो आला नाही तो गेला, असं धरायचं ठरलं होतं."

"अहो बाई, बरं वाटल्यावर दवाखान्यात कोण येतं?" मंदाचा आवाज चढला. "दोन गाड्या बदलायच्या, दिवसाचा रोज बुडवायचा, कशाला? तुम्हाला चालून दाखवायला? आईचा डावा खुबा आठ वर्षांपूर्वी इथंच बसवलाय. पुढच्या पावसात भाताच्या आवणीला चिखलात उभी होती ती!"

ठोसरबाईंनी जुनी नोंद शोधली. ठकूबाई डगळे. डावा खुबा. शस्त्रक्रिया यशस्वी. वर्षानंतर: मृत.

"यंत्राला नावं दिसत नाहीत," त्या पुटपुटल्या. "फक्त वय आणि गाव."

"मेलेली बाई खाली स्ट्रेचरवर चहा मागतेय. दाखवू आणून?"

ठोसरबाईंचा चेहरा उतरला. बाई मनानं वाईट नव्हत्या. मंदाला शेजारी बसवून त्यांनी 'मृत' लिहिलेल्या एकेका रुग्णासाठी वाडीत फोन लावायला सुरुवात केली. खंडूमामा हिरडे वेचायला गेला होता, तो जिवंत. भीमाबाई आपल्याच लेकाशी भांडत होती, ती जिवंत. तगांकाच्या आधीची एकेक नोंद त्यांनी दुरुस्त केली आणि सगळी माहिती यंत्राला पुन्हा पढवली. मंदानं हात जोडून पडद्याकडे बघितलं.

अठ्ठावीस.

"असं कसं?"

ठोसरबाईंनी अलीकडच्या नोंदी उघडल्या. मग म्हणाल्या, "तगांक सुरू होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून तुमच्या गावच्या एकाचीही शस्त्रक्रिया झालेली नाही. ती माणसं वर्षाच्या आत गेली. खरोखरच गेली. ते मृत्यू मला पुसता येत नाहीत."

"म्हणजे आधी आमची जिवंत माणसं कागदावर मारलीत," मंदा म्हणाली, "आणि मग कागद खरा ठरवायला खरोखरची मारलीत!"

"यंत्राच्या दृष्टीनं ते बरोबर ठरतंय," ठोसरबाई म्हणाल्या. "दर वर्षी थोडं जास्तच."

"मग दार तुम्ही उघडा."

"माझ्याही हातात नाही ते."

मंदा जिना उतरून खाली आली. कुणाला न विचारता तिनं आईचं स्ट्रेचर शस्त्रक्रियागृहासमोर ढकलत नेलं आणि दारावर दोन्ही मुठी आपटल्या.

"तगांक अठ्ठावीस," दार गोड आवाजात म्हणालं.

ठकूबाईनं मान वर केली. "अडकलंय होय गं?" ती म्हणाली. "जोर लाव की जरा."