सोड्यात काडेचिराईत

पूर्णा जंक्शनाजवळ आमचं किराण्याचं दुकान. त्या दुपारी अप्पा जेवायला घरात गेलेले, गल्ल्यावर मी. समोर पांढऱ्या कोटातला तो उभा.

"लिंबं हायत का? रसाळ पाहिजेत."

"बिनरसाचं पण लिंबू असतंय का?"

"असतंय की… माणसावाणीच." तो हसला. मी लिंबं निवडायचंच विसरले.

तो शिवरुद्र. आमच्यासारखंच गळ्यात लिंग, पण नोकरी स्टेशनावरच्या रिफ्रेशमेंट रूममधे. मग त्याची लिंबं रोजच संपायला लागली… अन् त्यानं मला मागणी घातली तेव्हा अप्पा पेटले. "गोऱ्यांना दारू ओतणारा हात! त्या हातात माझी महादेवी देऊ?"

शिवरुद्र स्वतःच घरी आला. "नोकरी सोडतो, अप्पा. शरबताचं दुकान टाकतो. साहेबांचंच पेय, पण दारूबिगर. इथंच करून दाखवतो."

"दाखव. दारूचा नुसता संशय आला, तरी पुन्हा हा उंबरा न्हाई."

मागच्या पडवीत मी भांडी दिली. आजारी आत्या भिंतीला टेकून पेंगत होती. त्यानं खडीसाखर लिंबाच्या सालीवर घासली, साखरेलाच वास चढला. मोसंबी पिळली. मग थांबला.

"दारूचा कडवटपणा कुठनं आणू?"

आत्याच्या तापासाठी भिजवलेल्या काडेचिराईताची वाटी मी हळूच सरकवली. "लय कडू हाय हं…"

"तुमच्या हातचं हाय ना? मग होऊ द्या."

वाटीखाली बोटांना बोटं लागली. दोघांनीही वाटी सोडली नाही.

अप्पांसमोर सोड्याच्या बाटलीतली गोळी फट्कन दबली. विश्वास बसावा म्हणून आधी तो आपल्या पेल्यातलं प्याला. मग अप्पांनी घोट घेतला — नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी.

"कडू! झोंबतंय! हीच ती दारू!"

"शिवा शिवा!" आत्या दचकून उठली.

त्यानं काडेचिराईत म्हटलं असतं की सुटला असता. पण मग वाटी दिली कुणी, हे विचारलं गेलं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. टोपी उचलली. "चुकलं असंल, अप्पा. येतो."

आता बोलले तर लाज जाणार, नाही बोलले तर…

"अप्पा, दारू कशी लागती, ठाऊक हाय का तुमाला?"

आमच्या घराण्यात कुणी दारूचा वासही घेतला नव्हता.

"काडेचिराईत हाय ते. वाटी मीच दिली, त्यांच्याजवळ बसून." अन् शिवरुद्रचा अर्धा पेला उचलून मी ओठांना लावला.

"अगं पोरी!" आत्या ओरडली. "उष्टं फक्त नवऱ्याचं घेत्यात!"

"म्हणूनच घेतलं, आत्या."

उंबऱ्यात त्याचा पाय थबकला. अप्पांनी आपला पेला पुन्हा उचलला, चाखला, तोंड वाकडं केलं…

"बसा आता, जावईबापू. अन् पोरी, साखर आण थोडी."