चुकायला शिकवलेलं धनुष्य

कालिंदी दाभाडेने स्वयंपाकघराच्या ओट्यावरून मिक्सर, डबे, सगळं हलवून टाकलं होतं. तिथं आता बांबूच्या आणि धामणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून आवळलेल्या होत्या. मधला सरस तिचा स्वतःचा होता. स्मरणसरस. नऊ वर्षं राबली ती, आणि शोधनिबंधावर नाव लागलं हेरंब सबनीसचं. तिच्याच प्रयोगशाळेत, तिच्याच वह्या उतरवून हा गृहस्थ शास्त्रज्ञ झाला होता.

आणि आज तोच दारात उभा होता. वह्या उतरवता येतात, धनुष्य घडवायला हात लागतात.

"पुढच्या सोमवारी, शोध तपासणाऱ्या समितीपुढे मलाच बाण मारायचेत," हेरंब म्हणाला. "मी जन्मात धनुष्य धरलेलं नाही. नेम लागेल ना?"

"सरस पक्का व्हायला सात दिवस लागतात. तोवर जो हात दोरी ओढेल, त्याची सवय थरांत मुरते. नंतर कुणीही ओढलं तरी धनुष्य त्या पहिल्या हातासारखंच वागतं," कालिंदी म्हणाली. "सातही दिवस मी ओढते. तू निर्धास्त जा."

तो खरंच निर्धास्त गेला. त्याच्या लेखी ती अजून त्याची मदतनीसच होती.

मग गच्चीवर रोज चारशे वेळा कालिंदीने दोरी ओढली, आणि दर वेळी मनगटाला असा हिसका दिला की बाण वीतभर डावीकडे जावा. खांदा सुजला, बोटं सोलवटली. राग मात्र जसाच्या तसा होता.

सोमवारी हेरंबने बारा बाण मारले. बाराही मध्यापासून वीतभर डावीकडे, एकमेकांना खेटून लागले. हेरंबचा चेहरा उतरला आणि मागे बसलेल्या कालिंदीच्या काळजाला थंडावा मिळाला.

समितीच्या अध्यक्षा डॉ. खानविलकर चष्मा सावरत लक्ष्यापाशी गेल्या. "मध्यावर लागले असते तर मी म्हटलं असतं, सबनीस घरी सराव करून आलेत. पण नवख्या माणसाचे बारा बाण एकाच चुकीच्या जागी? सरस लक्षात ठेवतो हे सिद्ध झालं. अभिनंदन, सबनीस."

कालिंदीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला तोंडघशी पाडायच्या नादात तिने त्याच्या हातात बिनतोड पुरावा दिला होता. आता गप्प बसलं तर शोध कायमचा त्याचा होणार होता.

"धनुष्यात मुरलेला हा हात कुणाचा, ते विचारा त्याला," ती उठून म्हणाली.

"माझाच," हेरंब घाईने म्हणाला.

अध्यक्षांनी त्याला साधं धनुष्य दिलं. त्याचा एक बाण जमिनीत घुसला, दुसरा मागच्या पडद्यात. तिसरा त्याने मारलाच नाही.

मग कालिंदीने तेच साधं धनुष्य घेतलं. सरळ मारलं असतं तर तिचा दगा उघडा पडला नसता, पण तो हात तिचाच हेही सिद्ध झालं नसतं. तिने दोरी ओढली आणि मनगटाला तोच हिसका दिला. तिचे तिन्ही बाण त्या बारांच्या घोळक्यात जाऊन बसले.

"म्हणजे शोध तुमचा," खानविलकर सावकाश म्हणाल्या, "आणि दगाही तुमचाच. मला अहवालात दोन्ही लिहावं लागेल. यापुढे कुठलीही प्रयोगशाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही."

"दोन्ही लिहा," कालिंदी म्हणाली. "याचं नाव मात्र आभारांतसुद्धा नको."