बोळवण राहून गेली

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका बंद पडलेल्या लूम कारखान्यात हे घडलंय. पुष्पाबाई अजून त्या रस्त्यानं जात नाहीत.

पुष्पाबाई मूळच्या खानदेशच्या. गळा असा, की वस्तीतली आखाजी त्यांच्याशिवाय होत नसे. लेक सोनाली बाळंतपणात गेली. तिची मुलगी स्नेहा आजीनंच वाढवली.

वस्तीतलाच एक पोरगा, अक्षय, भुताचा सिनेमा काढत होता. त्याला आखाजीचं झोक्यावरचं गाणं हवं होतं.

“अरे भाऊ, हे तर लेकीला माहेरी बोलवायचं गाणं. याच्यात कसलं भ्याव?” पुष्पाबाई हसल्या.

“मावशी, सणाचं गोड गाणं रिकाम्या जागी ऐकलं की अंगावर काटा येतो. भूत दाखवावंच लागत नाही.”

दिवेलागणीची वेळ. कापड विणणारे सगळे लूम मुके. मधोमध रिकामा झोका.

गाण्यात लेकीचं नाव घ्यायचं असतं. सिनेमातल्या मुलीचं नाव त्यांनी पाठही केलं होतं. पण जिभेची जुनी सवय...

‘सोनाली’ निघून गेलं.

झोका हलला...

वारा नव्हता.

“कट! एकदम झकास!” अक्षय ओरडला.

“थांब भाऊ, बोळवण राहिली! बोलावलेल्या लेकीला गाऊनच परत धाडतात.”

“ती सिनेमात नाही घेणार, मावशी.”

जाऊ दे, सिनेमाच तर आहे, असं पुष्पाबाईंना वाटलं. तिथंच चुकलं.

घरी आल्या आल्या स्नेहा दारातल्या झोक्यावर बसली. पुष्पाबाई गॅसपाशी गेल्या.

“आजी, मला झोका कोण देतंय?”

त्या धावल्या. मागे कुणीच नव्हतं...

फक्त वास. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

स्नेहाला उराशी धरून त्यांनी तिथंच बोळवण म्हणायला घेतली. एकदा गेलेल्या लेकीला पुन्हा घालवायचं... तरी त्या गात राहिल्या.

वास विरू लागला.

शेवटचं कडवं ओठांवर आलं, आणि त्या थबकल्या.

त्या कडव्यात माय लेकीची ओटी भरते. आणि तिचं लेकरू तिच्या कडेवर देते.

पुष्पाबाईंनी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

वास पुन्हा आला. आता अगदी जवळून...

“पुढलं म्हन ना वं, माय...”

त्या दिवसापासून पुष्पाबाई गात नाहीत. दारातला झोका काढून टाकला. रात्री स्नेहाची वेणी मुठीत धरून झोपतात.

शेवटचं कडवं स्नेहाला कुणी शिकवलेलं नाही.

परवा ती झोपेत तेच गुणगुणत होती...