पडद्यावरचं चित्र आखडतं तेव्हा

मालन तोडणकर कमळाताईंकडे आली ती हातात एक दुरेघी वही घेऊन. पायरीवर चपला काढतानाच तिने विचारले, इथे सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही ना?

कमळाताई नागवेकरांनी एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. हजारो लोकांची बोलणी कानांवरून गेली आणि तिथेच राहिली. निवृत्त झाल्यापासून त्या खाजगी चौकशा करून देत. लग्नाच्या मुलाची माहिती, हरवलेले कागद, निनावी पत्रे. दारावर पाटी नव्हती, पण गरजवंताला रत्नागिरीत त्यांचे घर बरोबर सापडे. सोबतीला काशीराम शिवलकर असत. हे निवृत्त वायरमन, माणूस सरळ. फक्त निष्कर्षाला पोचायची त्यांना फार घाई.

१९८७चा मार्च होता. मालनने पाणी पिऊन सांगायला सुरुवात केली.

तिचा नवरा हरिश्चंद्र मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. गेल्या खेपेला त्याने सिंगापूरहून घरगुती कॉम्प्युटर आणला. नुसती बटणांची पट्टी. ती टीव्हीला जोडायची आणि केलेले काम कॅसेटवर उतरवून ठेवायचे. उतरवण्याआधी यंत्र बंद पडले तर सगळे पुसले जाई. मालन सोबतच्या पुस्तकावरून आपल्या आपण शिकली. जूनमध्ये गावात कॉम्प्युटरचा क्लास निघणार होता. त्याचे मालक कोल्हापूरहून अठ्ठावीस तारखेला येणार होते आणि त्यांनी मालनला कळवले होते, स्वतः काहीतरी करून दाखवा, चाललं तर शिकवायची जागा तुमची. मालन वाचनालयातल्या नऊशे पुस्तकांची यादी करत होती. लेखकाचे नाव टाकले की पुस्तक आणि कपाटाचा नंबर समोर यावा, अशी.

आणि तीन आठवडे कॉम्प्युटर मध्येच बंद पडत होता.

"मला वाटतं, सासूबाई करतात," मालन खाली बघत म्हणाली. "मेन स्विच स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. एकदा त्या म्हणाल्या होत्या, ह्या पेटीपायी तू घराबाहेर पडशील. खरंच त्या असतील तर मी यंत्र घेऊन हर्णैला माहेरी जाईन. पण आधी नक्की कळू दे. उगाच आळ नको."

कमळाताईंनी वही वाचली. मालनने तारीख आणि वेळ नीट टिपली होती. प्रत्येक वेळ दुपारी तीन ते चारच्या मधली. रविवारी एकदाही नाही. एका बुधवारीही नाही. त्या दिवशी रेडिओ दुरुस्त करणारा रघू येऊन गेला होता. त्याने यंत्र मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन जोडले आणि संध्याकाळपर्यंत तपासले. यंत्र एकदाही अडखळले नाही.

"म्हणजे पुढच्या खोलीतला प्लग सैल," काशीराम म्हणाले.

मालनने मान हलवली. रघूने तो प्लग नवा बसवला होता. दुसऱ्याच दिवशी यंत्र पुन्हा बंद पडले.

कमळाताईंनी विचारले, "बंद पडताना पडद्यावर काय दिसतं?"

मालनने आठवून सांगितले. आधी चित्र दोन्ही बाजूंनी आखडते, कडांना काळ्या पट्ट्या येतात. मग अक्षरे पुसली जाऊन यंत्र नव्याने चालू झाल्यासारखी पहिली ओळ येते. टीव्ही विझत नाही. पंखा मात्र मंदावतो. दहा-बारा मिनिटांनी चित्र पुन्हा पसरते.

काशीरामांनी लगेच सांगितले, व्होल्टेज पडते. शेजारी कोणाचा पंप असेल. पंप होता, भिकाजी मयेकरांचा. ते रोज दुपारी माडांना पाणी सोडत.

"उद्या येतो," कमळाताई म्हणाल्या. "घरी सांग, वायरिंग बघायला येणार आहेत म्हणून."

दुसऱ्या दिवशी दोघे मिऱ्याला मालनच्या घरी पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. मालन फाटकाशीच उभी होती. तीन वीसला यंत्र पुन्हा बंद पडले होते, आणि तासाभराचे काम गेले होते.

काशीराम आधी कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे मयेकरांकडे गेले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. मयेकरांच्या पंपाची मोटर जळली होती. तिची तार नव्याने गुंडाळायला देऊन पाच दिवस झाले होते. या पाच दिवसांत वहीत चार नोंदी होत्या.

"मग म्हातारीच," काशीराम दबक्या आवाजात म्हणाले.

मालनच्या सासूबाई, सावित्रीबाई, स्वयंपाकघरात कोकमाची सोले निवडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, काटक बाई. वायरिंगचे निमित्त त्यांना पटले नव्हते हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. घरात विजेवर काय काय चालते, असे कमळाताईंनी विचारले. टीव्ही, पंखे, दिवे, त्यांनी सांगितले. इस्त्री सुनेच्या कपाटात असते. हरीने पाणी तापवायचा रॉड आणला होता, पण तो जळला असे त्यांचे यजमान म्हणाले आणि त्यांनीच तो टाकून दिला. आंघोळीचे पाणी सकाळी चुलीवरच तापते. दुपारची चूल थंड असते, तेव्हा त्या उंबऱ्याशी जरा आडव्या होतात.

मग त्यांनी सोले बाजूला सारली.

"माझ्यावर संशय आहे तिचा. कळतं मला," त्या म्हणाल्या. "बोलले मी, नाय कशाला म्हणू? ती घरात असते तर बोलायला माणूस असतं, इतकंच गो. हे तर हल्ली तोंडच उघडत नाहीत. दोन महिने झाले, माडाच्या आळ्यांत उतरले नाहीत की बंदरावर गेले नाहीत."

मागच्या खोलीत मालनचे सासरे गंगाराम तोडणकर खाटेवर बसले होते. उभा जन्म बोटींवर खलाशी म्हणून काढलेला माणूस, अजूनही रुंद खांद्यांचा. पाहुणे आले तरी ते उठले नाहीत. एक हात कमरेच्या उजव्या बाजूला टेकलेला होता. दुपारच्या उकाड्यात खिडकी लावून घेतलेली होती, आणि दोरीवर एकच पंचा ओला होता.

कमळाताईंना बसायला स्टूल हवे होते. त्यावर तांब्याची कळशी होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर तशीच धरली, खाली ठेवली आणि आपली बोटे पाहिली. बोटे स्वच्छ होती.

गंगारामांनी सुनेचे कौतुक केले. नोकरी लागली तर तिने जावेच, असे ते म्हणाले. यंत्र का बिघडते ते त्यांना ठाऊक नव्हते. परदेशी वस्तू, इथली हवा तिला सोसत नसेल. रविवारी लेकीची मुले येतात आणि दिवसभर याच खोलीत कॅरम खेळतात, त्यांना मात्र यंत्राला हात लावू देत नाही, हेही त्यांनी सांगितले. मग हरीचा विषय निघाला. त्याच्या कराराचे सात महिने उरले होते, आणि मग वरच्या जागेची परीक्षा.

"तोवर त्याच्या जीवाला घोर नको," ते म्हणाले. "एकदा तो अर्ध्यातून उतरून आला होता, आईच्या टायफॉइडला. पुढची दोन वर्षं त्याला बोट मिळाली नाही."

निघताना काशीरामांनी मीटर आणि तारा पाहिल्या. सगळे घर एकाच जुन्या, बारीक तारेवर चालले होते.

तिसऱ्या दिवशी कमळाताईंनी तिघांच्या जागा ठरवून दिल्या. मालन कॉम्प्युटरपाशी. काशीराम पडवीत, मीटरसमोर. त्या स्वतः सावित्रीबाईंबरोबर स्वयंपाकघरात, मेन स्विचपासून हाताभरावर. तीन वाजून बावीस मिनिटांनी डोक्यावरचा पंखा मंदावला. सावित्रीबाईंच्या मांडीवर सुपली होती आणि दोन्ही हात तांदळात होते. पुढच्या खोलीतून मालनचा आवाज आला, गेलं. काशीराम धावत आले. मीटरची चकती, जी इतका वेळ रेंगाळत होती, ती गरगर फिरू लागली होती.

पंखा पुन्हा पहिल्यासारखा फिरेपर्यंत कमळाताई बसून राहिल्या. मग त्या उठून एकट्याच मागच्या खोलीत गेल्या. आत दोघांत काय बोलणे झाले ते कोणाला ऐकू आले नाही. पाच मिनिटांनी त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावले.

"मी यांना म्हटलं, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "ते म्हणतात, तुम्हीच सांगा. मालनने मला खरं शोधायला सांगितलंय, तेव्हा सांगते."

मग त्यांनी मालनकडे पाहिले.

"मालन, तुझ्या सासूबाईंनी स्विच बंद केला असता तर टीव्ही विझला असता. तो विझत नव्हता. चित्र आखडत होतं. म्हणजे वीज कोणी तोडत नव्हतं, कोणीतरी खूप वीज ओढत होतं, आणि तेही दहा-बारा मिनिटंच. पंप इतक्यात बंद करत नाहीत, आणि मयेकरांची मोटर तर घरात नव्हतीच. आज चकती इथल्याच मीटरची फिरली. म्हणजे जे काही आहे ते याच घरात."

काशीराम म्हणाले, "पण घरात तसं काही नाही."

"एक होतं. पाणी तापवायचा रॉड. तो जळला असं एकाच माणसाने सांगितलं आणि टाकलाही त्यानेच. मग मी दिवस पाहिले. रविवारी मुलं या खोलीत खेळतात. त्या बुधवारी रघू दिवसभर या खोलीत बसला होता. म्हणजे या खोलीत दुसरं कोणी असलं की यंत्र धड चालतं. प्लग चांगला की वाईट, याचा काही संबंध नव्हता. यांना खोली रिकामी मिळत नव्हती, एवढंच."

त्या स्टुलाकडे वळल्या. "काल मी ही कळशी उचलली. पाणी कोमट होतं. चूल तर दुपारभर थंड. आणि चुलीवर तापलेल्या भांड्याला काजळी असते. माझ्या बोटांना काही लागलं नाही."

गंगाराम खाटेवरून वाकले आणि खाटेखालच्या पेटीमागून रॉड काढून त्यांनी खाली ठेवला. काशीरामांनी तो उचलून पाहिला. पितळेच्या नळीशी वायर उघडी पडली होती. तांब्याच्या कळशीत हा रॉड, आणि ओले हात. एखाद्या दुपारी माणूसच गेला असता. त्यांनी ती उघडी जागा मालनला दाखवली.

"पण कशाला?" मालनने विचारले.

"शेकायला. पंचा बुडवून कमरेवर धरतात. सकाळचं गरम पाणी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि मागितलं तर कारण सांगावं लागतं. सांगितलं तर हरिश्चंद्रला पत्र जाईल, आणि तो उतरून येईल."

गंगारामांनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिले. "तुझं काम माझ्यामुळे पुसलं जातं हे मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "ठाऊक असतं तर नुसताच पडून राहिलो असतो."

सावित्रीबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी दोरीवरचा पंचा काढला, घट्ट पिळला आणि बाहेर उन्हात वाळत घातला. तिथेच बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मालन त्यांच्या मागे गेली. तिने सासूची माफी मागितली. सावित्रीबाई म्हणाल्या की तिने निदान संशय घेण्याइतकं बघितलं तरी, आपण तर नवऱ्याबरोबर एकाच घरात राहून काही बघितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी गंगारामांचे एक्स-रे फोटो काढले. मूत्रपिंडात सुपारीएवढा खडा होता आणि मूत्रपिंड सुजले होते. आणखी महिना गेला असता तर काढूनच टाकावे लागले असते, असे डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन सव्वीसला झाले. अठ्ठावीसला मालन दवाखान्यातच बसून राहणार होती. सावित्रीबाईंनी तिला उठवले, मी आहे इथे, तू जा म्हणाल्या. कोल्हापूरच्या मालकांनी अकरा लेखकांची नावे टाकून पाहिली. अकराही वेळा पुस्तक आले. जागा मालनला मिळाली.

हरिश्चंद्रला कळवायचे की नाही, यावर दवाखान्यात दोन दिवस वाद चालला. गंगारामांचे एकच, त्याला काही कळवू नका. शेवटी सावित्रीबाईंनी मालनला कागद आणायला सांगितला आणि स्वतः मजकूर सांगितला. तू येऊ नकोस, करार पुरा कर. पण बापाचं ऑपरेशन झालं, ते तुला ठाऊक असावं. ठाऊक असणं आणि धावून येणं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

पत्र पाकिटात घालण्याआधी मालनने ते सासऱ्यांना वाचून दाखवले. ते छताकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी हात पुढे केला, पेन मागितले, आणि कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली.

'फार दुखायचं, हरी. आता कमी आहे.'