तीन हजार चुका

नाशिकच्या दवाखान्यातून शैला गेल्याचा फोन आला तेव्हा सिन्नरच्या केंद्रात पाच जण बसले होते. त्यांना तिच्या नवऱ्याने, मुकुंदने, एवढंच सांगितलं, की ती आता नाशिकहून परत येणार नाही. पाचही जणांच्या गळ्याला कंठपट्टी होती. आजारात आवाज गेलेला माणूस ओठ हलवतो, पट्टी गळ्याच्या स्नायूंची हालचाल ओळखते आणि त्याच्या वतीने बोलते. रडणं मात्र तिला ओळखता येत नाही. खोली शांतच राहिली.

शैला या पट्ट्या प्रत्येकाच्या गळ्याला जुळवून द्यायची. मुकुंद आधी रेडिओ दुरुस्त करायचा. पुढे तिच्या हाताखाली वायरी जोडू लागला.

तेराव्यानंतर त्याने केंद्र उघडलं. पहिला आला तो रंगनाथ आव्हाडांचा चोवीस वर्षांचा वेदांत. पट्टीचं काम अर्धं राहिलंय, असं त्याने कागदावर लिहून दाखवलं.

मुकुंदने पट्टी संगणकाला जोडली. पट्टी प्रत्येक क्रियापद ओळखपत्रातल्या स्त्री-पुरुष नोंदीशी ताडून बघते आणि चुकलं असं वाटलं की सुधारून बोलते. इथे तिने वर्षभरात तीन हजारांवर वेळा 'आले'चं 'आलो' आणि 'करते'चं 'करतो' केलं होतं.

"एवढ्या चुका? सैल बसली असणार. घट्ट करून देतो," मुकुंद म्हणाला.

कागद पुन्हा पुढे आला. 'काका, चुका नाहीत. मी तेच बोलते. मी वेदा. बाईंना माहीत होतं.'

मुकुंदने शैलाची टिपणं काढली. तिने लिहिलं होतं, 'दुरुस्ती बंद करायची कळ वेदाच्याच हातात हवी. आपण परस्पर बंद केली तर घरात गुपित फुटेल. कधी सांगणार, हे विचारायचं नाही.'

हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मुकुंदला राग आला नाही. अशा बाईबरोबर आपण तीस वर्षं राहिलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

त्याने कळ बसवून दिली. विचारलं काही नाही.

चार महिन्यांनी वेदाच म्हणाली, "काका, रविवारी घरी याल? एकटीला धीर होत नाही."

रंगनाथ घराशेजारच्या दुकानात वेल्डिंग करत होता. तो थांबल्यावर वेदाने कळ दाबली.

"अण्णा, मी आले."

रंगनाथने मुकुंदकडे पाहिलं. "पट्टी बिघडली का हो?"

"नाही. बरोबर बोलतेय."

"मी अशीच आहे, अण्णा," वेदा म्हणाली. "लहानपणापासून."

रंगनाथने दोन स्टुलं पुढे सरकवली.

तेव्हापासून तो तिच्याशी जपून बोलतो. 'जेवण झालं का?', 'कधी निघायचं?' अशी मुलगा की मुलगी ते कळणार नाही अशी वाक्यं शोधून काढतो. मराठीत दिवसभर असं बोलणं सोपं नाही, आणि मुकुंदला त्याचंही कौतुक वाटतं. 'आलीस' मात्र रंगनाथने अजून एकदाही म्हटलेलं नाही.